ओढ्यातील जलकीटकांची पाहणी करताना या चुका टाळा

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या जंगलातला सावलीचा ओढा आणि बेळगावजवळच्या भातशिवारातून वाहणारा ओढा या दोन्हींत जाळी धरली, तर हाती लागणारे कीटक वेगळे असतात. तेवढ्यावरून "वरचे पाणी स्वच्छ, खालचे दूषित" असे लिहून पाहणी संपवण्याची सवय विद्यार्थ्यांमध्ये आणि हौशी निसर्गप्रेमींमध्येही दिसते. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे, कारण कोणत्या जागी कोणते कीटक राहतील हे पाण्याच्या गुणवत्तेइतकेच तळाचे दगड, प्रवाहाचा वेग आणि त्या जागेच्या वर पसरलेले सगळे पाणलोट क्षेत्र ठरवत असते.

एका ओढ्यातला खळाळ (दगडांवरून वेगाने वाहणारा उथळ भाग) आणि दुसऱ्या ओढ्यातला डोह यांची तुलना करणे ही यातली नेहमीची चूक. खळाळात मेफ्लाय या पंखवाल्या कीटकाची चपट्या अंगाची पिल्ले दगडाला चिकटून राहतात, कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या कीटकाच्या काही अळ्या दगडांमध्ये रेशमी जाळी विणून वाहत येणारे अन्नकण गोळा करतात. डोहाच्या गाळात मात्र चतुरांची पिल्ले दबा धरून बसतात आणि पृष्ठभागावर पाणनिवळ्या धावतात. पहिल्या वर्षी आम्ही स्वतः एका ठिकाणी खळाळातले आणि दुसऱ्या ठिकाणी डोहातले नमुने घेतले होते, त्यामुळे दोन महिन्यांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचताच येईनात. तुलना करायची असेल तर खळाळाची खळाळाशी करावी, आणि जाळीचा आकार व दगड ढवळण्याचा वेळ प्रत्येक जागी तोच ठेवावा.

गाळाकडे दुर्लक्ष करणे ही त्याहून गंभीर चूक आहे. खानापूर तालुक्यात अनेक ठिकाणी माती तांबडी आहे. उतारावरची झाडी गेली किंवा काठापर्यंत नांगरट झाली की पहिल्या मोठ्या पावसात ती ओढ्यात उतरते आणि दगडांमधल्या फटी भरून टाकते. या फटी हेच स्टोनफ्लाय (दगडांखाली वाढणारा आणखी एक पंखवाला कीटक) आणि मेफ्लायच्या पिल्लांचे घर असल्यामुळे, रासायनिक चाचणीत पाणी चांगले असूनही हे कीटक नाहीसे होऊ शकतात. दगड उचलताना तो गाळात किती रुतलेला होता याची नोंद करावी. त्याचबरोबर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर त्या बिंदूच्या वरचे पाणलोट आखून त्यात जंगल, भात, ऊस आणि वस्ती किती आहे ते पाहावे, कारण काठावरच्या पन्नास मीटरांत चांगली झाडी दिसत असली तरी गाळ कितीतरी वरून येत असतो. मार्कंडेय नदीवर काम करणाऱ्यांनी राकसकोप जलाशयाच्या वरच्या आणि खालच्या जागा एकाच मापाने मोजू नयेत. जलाशय गाळ अडवतो, प्रवाह बदलतो, आणि त्यातून सुटणाऱ्या पाण्याबरोबर सूक्ष्म वनस्पती व प्राणी आल्यास गाळून खाणाऱ्या कीटकांची संख्या वाढू शकते.

सावलीबद्दलही एक सावधगिरी हवी. दाट सावलीत पडलेला पालापाचोळा हे मुख्य अन्न असते, तर उघड्या ओढ्यात दगडांवरचे शेवाळ वाढून ते खरवडून खाणाऱ्यांना वाव मिळतो. उघडे पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: समुद्रसपाटीला २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. डोंगरापासून मैदानापर्यंत ही अन्नसाखळी कशी बदलते याची मांडणी १९८० मध्ये उत्तर अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी केली, पण ती समशीतोष्ण नद्यांवर उभी असल्याने इथे जशीच्या तशी लावू नये. उष्ण प्रदेशातील अनेक ओढ्यांत पाने कुरतडणारे कीटक कमी असतात आणि ते काम बऱ्याच अंशी खेकडे करतात.

जून ते सप्टेंबरच्या पुरात तळ उलथापालथ होतो. तेव्हा कीटक कमी मिळाले म्हणून प्रदूषणाला दोष देणे योग्य नाही. पाऊस ओसरून प्रवाह स्थिरावल्यानंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, दरवर्षी त्याच आठवड्यांत नमुने घ्यावेत.

ओळख पटवताना शेपट्या मोजून थांबू नये. स्टोनफ्लायच्या पिल्लाला दोन शेपट्या असतात हे खरे, परंतु काही मेफ्लायच्या पिल्लांनाही दोनच असतात. पायाच्या टोकाला दोन नखे असल्यास स्टोनफ्लाय, एकच नख आणि पोटाच्या कडेला कल्ले असल्यास मेफ्लाय. तसेच कायरोनोमिड या डासासारख्या माश्यांच्या लाल अळ्या दिसताच ओढा सांडपाण्याचा ठरवू नये. त्यांच्या रक्तातील हिमोग्लोबिनमुळे त्या कमी प्राणवायूत तग धरतात, म्हणून बेळगावचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या बळ्ळारी नाल्यासारख्या ठिकाणी त्यांची गर्दी अर्थपूर्ण ठरते, पण त्याच कुळातील इतर अळ्या स्वच्छ पाण्यातही असतात.

प्रदूषण जितके कमी सोसते तितके जास्त, असे कुळांना गुण देण्याच्या प्रचलित पद्धतीत चपट्या मेफ्लायच्या कुळाला १० आणि या अळ्यांच्या कुळाला २ गुण मिळतात. जास्त वेळ शोधले की जास्त कुळे सापडतात आणि बेरीज फुगते, त्यामुळे एकूण गुणांऐवजी प्रति कुळ सरासरी पाहावी. नमुने घेताना ओढ्याच्या खालच्या बाजूने वर चढत जावे, म्हणजे आपल्याच पावलांनी गढूळ झालेले पाणी पुढच्या जागेवर जात नाही, आणि उचललेला प्रत्येक दगड त्याच बाजूने, त्याच जागी परत ठेवावा.