पॅरामीटर ‘अनडिफाइंड’ येतोय? या चुका टाळा

फॉर्म भरला, बटण दाबलं आणि सर्व्हरवर नाव आलं ‘अनडिफाइंड’, म्हणजे व्हॅल्यू पोचलीच नाही. अशा वेळी बहुतेक जण थेट हँडलर (रिक्वेस्ट हाताळणारा सर्व्हरचा कोड) उघडतात आणि ओळीओळीला कन्सोल लॉग टाकत सुटतात. पहिली चूक हीच. आधी ब्राउझरच्या डेव्हटूल्समध्ये नेटवर्क टॅब उघडा, ती रिक्वेस्ट पकडा आणि पेलोड, म्हणजे तिच्यासोबत गेलेला डेटा, बघा. व्हॅल्यू तिथेच नसेल, तर सर्व्हरचा कोड कितीही उकरलात तरी हाती काही लागणार नाही.

पेलोडमध्ये नाही म्हणजे दोष एचटीएमएलचा. इनपुटला ‘आयडी’ आहे, पण ‘नेम’ नाही, हे सगळ्यात जास्त वेळा सापडतं. सबमिट करताना ब्राउझर ‘नेम’च बघतो. डिसेबल्ड फील्डही पाठवलं जात नाही, त्याऐवजी रीडओन्ली वापरा. टिक न केलेला चेकबॉक्स ‘फॉल्स’ म्हणून जाईल अशी अनेकांची समजूत असते. तो मुळात जातच नाही. फील्ड्स यूआरएलमध्येच पाठवणाऱ्या गेट फॉर्मची गंमत तर भल्याभल्यांना माहीत नसते: अॅक्शनमध्ये ‘/शोध?भाषा=मराठी’ लिहिलंत, तर सबमिट होताना प्रश्नचिन्हापासून पुढचं सगळं उडतं आणि तिथे फॉर्मची फील्ड्स येतात. भाषा हवी असेल तर ती हिडन इनपुटमध्ये ठेवा.

स्ट्रिंगा जोडून यूआरएल बनवणं हा असाच एक खड्डा. ‘/माल?नाव=मीठ&मसाला’ असं पाठवलं की सर्व्हरला नाव मिळतं फक्त ‘मीठ’, आणि ‘मसाला’ हा वेगळाच, रिकामा पॅरामीटर होतो. अधिकचं चिन्ह पलीकडे बहुधा स्पेस होऊन निघतं. हॅशपुढचं तर ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही. अशा वेळी जावास्क्रिप्टचं एनकोडयूआरआय फंक्शन पुरत नाही, कारण ते या तिन्ही चिन्हांना हात लावत नाही. पॅरामीटर नीट एनकोड करून जोडणारं यूआरएलसर्चपॅरॅम्स वापरा आणि मोकळे व्हा.

पेलोड ठीक दिसतोय? मग सर्व्हर. इथून पुढची उदाहरणं एक्सप्रेस या नोडच्या वेब फ्रेमवर्कची. रिक्वेस्टची बॉडी (आतला डेटा) रिकामी येत असेल, तर ती वाचणारा जेसन पार्सर रूट्सच्या आधी लावलाय ना ते बघा. तो मिडलवेअर आहे, म्हणजे हँडलरच्या आधी चालणारा कोड, आणि मिडलवेअर लिहिलेल्या क्रमानेच चालतं. तोही बरोबर असेल, तर कंटेंट-टाइप हेडर तपासा. ब्राउझरच्या फेच फंक्शनमध्ये जेसन स्ट्रिंग दिली आणि हेडर विसरलात, तर ती साधा मजकूर म्हणून जाते आणि पार्सर तिच्याकडे बघतही नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही. एक्सप्रेस 4 मध्ये निदान रिकामं ऑब्जेक्ट मिळायचं, 5 मध्ये ‘अनडिफाइंड’ मिळतं. त्यामुळे अपग्रेडनंतर जुना कोड अचानक कोसळू शकतो. फॉर्मडेटा पाठवताना मात्र उलटं: हेडर हाताने लावूच नका. लावलात तर ब्राउझर स्वतः घालतो ती बाउंड्री (भाग वेगळे करणारी खूण) राहून जाते आणि असा डेटा वाचणारं मल्टर सगळं नाकारतं.

रूटिंगमध्ये, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या हँडलरकडे जाणार ते ठरवताना, क्रमच घात करतो. ‘/ऑर्डर/:आयडी’ (कोलन म्हणजे तिथे काहीही चालतं) वर आणि ‘/ऑर्डर/नवी’ खाली असेल, तर नव्या ऑर्डरचं पान कधीच उघडणार नाही. आयडीच्या जागी ‘नवी’ हा शब्द जाईल आणि डेटाबेस ‘हा आकडा नाही’ म्हणून ओरडेल. आपण मात्र क्वेरी तपासत बसतो! ठरलेले शब्द असलेले रूट वर, कोलनवाले खाली. राउटर दुसऱ्या राउटरखाली जोडला असेल, तर वरच्या पाथवरचा आयडी आत आपोआप पोचत नाही. आतला राउटर बनवताना मर्जपॅरॅम्स ‘ट्रू’ करावं लागतं. हा पर्याय इतका आडबाजूला आहे की कुणी सांगितल्याशिवाय सापडत नाही.

पोस्ट केलं आणि सर्व्हरवर गेट येऊन पडलं, तर मध्ये रीडायरेक्ट आहे. 301 किंवा 302 वर ब्राउझर पोस्टचं गेट करतो, बॉडी गळते. एचटीटीपीवरून एचटीटीपीएसला ढकलताना हे हमखास होतं. नेटवर्क टॅबमध्ये ‘प्रिझर्व्ह लॉग’ चालू करा, दोन्ही रिक्वेस्ट दिसतील. 307 किंवा 308 ने पद्धत आणि बॉडी टिकते, पण फॉर्मलाच थेट अखेरचा पत्ता देणं जास्त बरं.

आणि लोकलवर चालतंय, पण सर्व्हरवर 404? अॅपच्या पुढे उभा असलेला वेब सर्व्हर एन्जिनएक्स असेल, तर त्याच्या प्रॉक्सी-पासमध्ये (रिक्वेस्ट अॅपकडे ढकलणारी ओळ) पोर्टनंतर स्लॅश आहे का बघा. लोकेशन ‘/एपीआय/’ असताना तो एक स्लॅश असेल, तर ‘/एपीआय/ऑर्डर’ची रिक्वेस्ट अॅपकडे नुसती ‘/ऑर्डर’ म्हणून पोचते.