नावावरून नव्हे, आकारावरून ब्रॅकेट शोधताना

भोसरीतल्या एका वर्कशॉपच्या एसटीएल फाइल्समध्ये (भागाचा पृष्ठभाग त्रिकोणांच्या जाळीने मांडणाऱ्या त्रिमितीय फाइली) ‘असा ब्रॅकेट आधी केलाय का?’ हे शोधायचं होतं. फाइलींची नावं म्हणजे ‘फायनल२_नवीन’, त्यामुळे आकारच धरला. पद्धत डी-२, ओसाडा, फंकहाउसर, शाझेल आणि डॉबकिन यांची, २००२ ची: पृष्ठभागावरच्या बिंदूंच्या जोड्या घ्यायच्या, अंतरांचा हिस्टोग्राम (कोणतं अंतर किती वेळा येतं त्याचा आलेख) काढायचा आणि हिस्टोग्राम जुळवायचे. मॉडेल कसंही फिरवलेलं चालतं.

निकाल भलतेच येत होते, कारण बिंदू थेट त्रिकोणांच्या शिरोबिंदूंतून उचलले जात होते. भोकं नि फिलेटपाशी (गोलावलेल्या कडांपाशी) जाळी दाट, सपाट बाजूला मात्र दोनच त्रिकोण. म्हणजे भोकंच सगळं ठरवणार. त्रिकोण क्षेत्रफळाच्या प्रमाणात निवडा. त्रिकोणाचे कोपरे अ, ब, क धरले तर आतला बिंदू: (१−√र)अ + √र(१−स)ब + √र·स·क, र, स हे ० ते १ मधले यादृच्छिक आकडे. वर्गमूळ गाळलं की बिंदू ‘अ’ कोपऱ्याशी गोळा होतात. एक लाख जोड्या, हिस्टोग्रामचे ६४ खाने पुरेत. तुलना संचयी हिस्टोग्रामची (प्रत्येक खान्यात आधीच्या सगळ्यांची बेरीज धरून) करा, नाहीतर एका खान्याची सरकही मोठा फरक दाखवते.

एसटीएलमध्ये एकक नसतं, इंचातला भाग २५.४ पट लहान दिसतो. सरासरी अंतराने भागलं की हे मिटतं, पण मग एम-६ आणि एम-१२ (६ आणि १२ मिमी व्यासाचे) बोल्ट जवळपास एकच! म्हणून खरं माप मिलिमीटरमध्ये वेगळं साठवून गाळणी लावली.

डावा-उजवा ब्रॅकेट डी-२ ला कळतच नाही. त्यासाठी वरचे २० निकाल आयसीपीने (जवळचे बिंदू पुन्हा पुन्हा जुळवत एक आकार दुसऱ्यावर बसवण्याची पद्धत), फक्त फिरवून-सरकवून, पुन्हा जुळवावेत. आरसा-प्रतिमेला परवानगी नाही.