जुन्या टॅबला वायफाय जोडताना, कॉलचा आवाज सुधारताना या चुका टाळा

शुक्रवारी आमच्याकडे बाजार भरतो. त्या दिवशी दुकानात जुने टॅब आणि फोन जास्त येतात. राळेगाव तालुक्यातलं, कापसाच्या पट्ट्यातलं आमचं गाव. गिऱ्हाईक पिशवीतून टॅब काढतो आणि म्हणतो, "भाऊ, यात वायफाय टाकून देता का?" नाहीतर, "आवाज फाटून राह्यला जी, स्पीकर बदलवून द्या." उघडून पाहावं तर बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असतं. दोष राउटरच्या एखाद्या सेटिंगमध्ये असतो, नाहीतर कॉलच्या दुसऱ्या टोकाला. पण तोवर माणसाचे पैसे डोंगलवर, नव्या स्पीकरवर, नव्या हेडफोनवर खर्च झालेले असतात. कापूस विकून आलेला पैसा असा जातो, हे मला बघवत नाही. म्हणून वर्षानुवर्षं पाहत आलेल्या चुका इथे लिहितो आहे.

आधी नोंदी वाचवा, मग वायफायचं बघा

गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे पाम कंपनीचा झायर ७२ आहे. २००४ सालचं मॉडेल, तळहातावर मावणारा संगणक. पुतण्याने अमेरिकेहून आणून दिला होता. गुरुजी रोज सकाळी साडेआठला अंगणातल्या पर्जन्यमापकाचं पाणी मोजतात आणि आकडा त्यात टिपतात. त्यांना त्या यंत्राला वायफाय जोडून हवं होतं. मी पहिलं विचारलं, "गुरुजी, या नोंदी आणखी कुठे उतरवून ठेवल्या आहेत का?" नव्हत्या.

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. त्या काळच्या बहुतेक पाम यंत्रांची स्मृती बॅटरीच्या जिवावर जगते. बॅटरी पूर्ण उतरली की आतलं सगळं पुसलं जातं. पामने हे बदललं ते २००४ च्या शेवटी आलेल्या टंगस्टन टी५ या मॉडेलपासून. विंडोज मोबाइलच्या पॉकेट पीसींमध्ये ही सोय २००५ च्या पाचव्या आवृत्तीत आली. त्याआधीचं यंत्र असेल तर मे महिन्यातलं एक वादळ, दोन दिवस गेलेली लाइन आणि वीस वर्षांची थकलेली बॅटरी एवढं नोंदी पुसायला पुरतं. त्यातच वायफायचं कार्ड चालत नाही म्हणून कोणी मागच्या छिद्रात तार घालून, पॉवरचं बटण दाबून ठेवून हार्ड रीसेट मारला, म्हणजे यंत्र पार कोरं केलं, तर मग देवही नोंदी परत आणू शकत नाही.

दुकानात एक्सपीवाला जुना संगणक मी याच कामासाठी जपून ठेवला आहे. हॉटसिंक (पाममधला मजकूर संगणकावर उतरवायची सोय) करून नोंदी त्यावर उतरवल्या, पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत केली आणि मगच कार्डाला हात लावला.

कार्ड खाचेत बसलं म्हणजे चालेलच असं नाही

झायर ७२ मध्ये वायफाय नाही, पण त्याची एसडी खाच एसडीआयओ जातीची आहे. म्हणजे तिच्यात मेमरी कार्डाबरोबर वायफायसारखं उपकरणही चालू शकतं. पामचं स्वतःचं वायफाय कार्ड या मॉडेलवर आणि टंगस्टन टी३ वर चालायचं. पण दिसायला हुबेहूब तशीच खाच असलेल्या कितीतरी यंत्रांना फक्त मेमरी वाचता येते. तिथे वायफाय कार्ड आत जातं, नीट बसतं आणि पुढे काहीच होत नाही. शिवाय ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, आधी चढवावा लागतो, आणि तो कार्डासोबतच्या सीडीवर असायचा. सीडीशिवाय जुनं कार्ड विकत घेणं म्हणजे किल्लीशिवाय कुलूप घेणं.

टॅबच्या बाबतीत हीच चूक यूएसबी डोंगलच्या रूपात होते. संगणकाला लावायचा वायफाय डोंगल ओटीजी वायरने (टॅबला यूएसबीच्या वस्तू जोडणारी वायर) टॅबला लावला जातो. डोंगलचा दिवा लागतो, कारण त्याला वीज मिळते. पण अँड्रॉइडच्या गाभ्यात त्या चिपचा ड्रायव्हर नसतो आणि तो आपल्याला वरून टाकता येत नाही. टॅबचं आतलं वायफाय खरोखर मेलं असेल, तर आधी अँटेनाची बारीक वायर बोर्डवरून सुटली आहे का ते बघून घ्या. टॅब पडला की ती सुटते, आणि परत बसवायला दोन मिनिटं लागतात.

नेटवर्क दिसत नाही? टॅबला दोष देण्याआधी राउटर उघडा

जास्तीत जास्त वेळ आणि पैसा इथेच वाया जातो, म्हणून हे सविस्तर सांगतो.

बहुतेक जुन्या यंत्रांना वायफायच्या लहरींची फक्त २.४ गिगाहर्ट्झची पट्टी कळते. फायबरसोबत येणारे आजचे राउटर २.४ आणि ५ अशा दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. जुना टॅब त्यात गोंधळतो. ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगच्या पानावर जाऊन २.४ ला वेगळं नाव द्या, शेवटी "जुना" जोडलं तरी चालेल. मोबाइलचा हॉटस्पॉट असेल तर त्याचा बँड २.४ करा. आयफोनमध्ये त्यासाठी मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी नावाचं बटण आहे.

मग चॅनेल, म्हणजे त्या पट्टीतले छोटे कप्पे, बघा. भारतात २.४ मध्ये १३ चॅनेल चालतात, अमेरिकेत ११. पुतण्याने, जावयाने अमेरिकेहून आणलेल्या यंत्राला १२ आणि १३ दिसतच नाहीत. राउटर ऑटोवर असला आणि तो १३ वर जाऊन बसला की घरातले सगळे फोन चालतात, ते एक यंत्र तेवढं आंधळं होतं. काल चालत होतं, आज चालत नाही, अशी तक्रार येते ती यामुळे. चॅनेल हाताने १, ६ किंवा ११ करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

तिसरी गोष्ट कुलुपाची, म्हणजे वायफायच्या सुरक्षेच्या पद्धतीची. डब्ल्यूपीए २००३ मध्ये आलं, डब्ल्यूपीए२ २००४ मध्ये आणि डब्ल्यूपीए३ २०१८ मध्ये. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल तर जुन्या टॅबला नाव दिसेल, पासवर्डही बरोबर असेल, पण जोडणी होणार नाही. "डब्ल्यूपीए२, एईएस" निवडलं की बहुतेक टॅब लगेच जोडले जातात.

त्याहून जुन्या, फक्त डब्ल्यूईपी हे डब्ल्यूपीएच्या आधीचं कुलूप ओळखणाऱ्या यंत्रासाठी लोक अख्ख्या घराचं कुलूप डब्ल्यूईपीवर आणतात. हे अजिबात करू नका. ते कुलूप काही मिनिटांत फुटतं आणि त्याच वायफायवर तुमच्या घरातले बँकेचे व्यवहार होत असतात. शिवाय डब्ल्यूईपी लावलं की राउटरचा वेग जुन्या ५४ एमबीपीएसच्या मर्यादेत अडकतो. इलाज सोपा आहे. अडगळीतला एखादा जुना राउटर घ्या, त्याचं नाव वेगळं ठेवा, काम असेल तेवढ्यापुरताच तो चालू करा आणि काम झालं की पिन काढून टाका. डब्ल्यूईपीची किल्ली नेमकी ५ किंवा १३ अक्षरांची असते, हेक्स म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा चिन्हांच्या पद्धतीत लिहिली तर १० किंवा २६. एक अक्षर कमीजास्त झालं की यंत्र नुसतं फिरत राहतं, चूक काय ते सांगत नाही.

जोडलं गेलं, पण पान उघडत नाही

आधी तारीख बघा. बॅटरी पूर्ण उतरलेला टॅब चालू होतो तेव्हा त्याच्या लेखी साल २०१० किंवा १९७० असतं. सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र तारखेवरून तपासलं जातं, त्यामुळे प्रत्येक पान धोक्याचं ठरतं. तारीख नीट केली की अर्धे टॅब मार्गी लागतात.

तारीख बरोबर असूनही अडत असेल तर कारण टॅबमधल्या जुन्या प्रमाणपत्रांच्या यादीत असतं. पुष्कळ संकेतस्थळं ज्या मूळ प्रमाणपत्रावर उभी होती, त्यातलं एक ३० सप्टेंबर २०२१ ला संपलं, आणि ७.१.१ च्या आधीच्या अँड्रॉइडकडे त्याच्या जागी आलेलं नवं प्रमाणपत्र नाही. अशा टॅबवर फायरफॉक्सची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती टाकून बघा. फायरफॉक्स स्वतःची यादी स्वतःसोबत बाळगतो.

आणि काही दारं कायमची बंद झाली आहेत, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं. अँड्रॉइड २.३.७ पर्यंतच्या यंत्रांत २७ सप्टेंबर २०२१ पासून गुगल खात्याने आत जाता येत नाही. २०११ सालचा सरकारी आकाश टॅब याच गटातला. व्हॉट्सअ‍ॅपला २०२५ पासून किमान अँड्रॉइड ५ लागतं. टॅबच्या पाठीवर "३जी" छापलेलं असेल आणि आत सिम घालून नेट चालेल अशी आशा असेल, तर खाजगी कंपन्यांनी ३जी गुंडाळलेलं आहे. तो टॅब २जीवर घसरतो. त्याला सिम देण्यापेक्षा हॉटस्पॉट द्या.

गुरुजींनाही मी हेच सांगितलं. कार्ड लागलं, जोडणी झाली, पण त्या ब्राउझरला आजची सुरक्षित पानं कळत नाहीत. त्यांना नोंदी मुलीला पाठवायच्या होत्या. त्या हॉटसिंकमधून आधीच बाहेर आल्या होत्या, तिथूनच ईमेल केल्या.

राउटर आणि माणूस यांच्यामध्ये कूलर

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. पत्र्याची पेटी, आत पाण्याने भरलेली टाकी आणि तिन्ही बाजूंनी ओल्या जाळ्या. वायफायच्या लहरी अडवायला यापेक्षा चांगली भिंत बांधता येणार नाही. पत्रा लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. मार्चमध्ये चालणारं नेट मेमध्ये का मंदावलं म्हणून लोक कंपनीला फोन करतात. राउटर गोदरेजच्या कपाटामागून आणि टीव्हीमागून काढा, उंच खिळ्यावर टांगा, आणि कूलर मध्ये येणार नाही असं बघा. लाइन जाते तिथे राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. राउटर पुन्हा सुरू होईपर्यंत चाललेला कॉल टिकत नाही.

कॉलचा आवाज: तक्रार एकाची, दोष दुसऱ्याचा

गुरुजींच्या घरी काकू नागपूरच्या मुलीशी टॅबवरून बोलतात. एक दिवस मुलीचाच मला फोन. "दादा, आईशी बोलताना मला माझाच आवाज परत ऐकू येऊन राह्यला. मी नवा हेडफोन घेतला, तरी तसंच."

हे नीट लक्षात घ्या. आपला आवाज आपल्यालाच परत येत असेल तर दोष समोरच्याकडे असतो. मुलीचा आवाज काकूंच्या टॅबच्या स्पीकरमधून निघतो, तिथल्याच माइकमध्ये शिरतो आणि परत नागपूरला पोचतो. मुलीने दहा हेडफोन बदलले असते तरी काही फरक पडला नसता. घरी जाऊन पाहिलं. टॅब स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवलेला, आवाज पूर्ण वर, डोक्यावर टिनाचं छत आणि हातभर अंतरावर कूलर. डब्याला हात लावला तर तो थरथरत होता. टॅब उचलून घडी केलेल्या गोधडीवर ठेवला, आवाज दोन घरं खाली आणला. प्रतिध्वनी तिथेच थांबला. राहिला कूलरचा घों घों. काकूंना तो सवयीने ऐकूच येत नव्हता, पण माइकला त्यांच्या बोलण्याआधी तोच ऐकू जायचा. जुन्या टॅबमध्ये बहुधा एकच माइक असतो, त्यामुळे गोंगाट नीट वेगळा काढता येत नाही. त्यासाठी इयरफोन हवा.

आता इयरफोनमधल्या चुका. पिनवरच्या काळ्या कड्या मोजा. दोन असतील तर त्यात माइकच नाही, तीन असतील तर आहे. तीन कड्या असूनही समोरच्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा पोकळ येत असेल, तर इयरफोनचं बटण दाबून धरा. दाबलं की आवाज भरीव झाला, तर वायरिंगची जात वेगळी आहे. काही जुन्या यंत्रांत माइक आणि अर्थिंगच्या जागा आजच्या इयरफोनच्या उलट असतात. टॅब खराब नाही आणि इयरफोनही खराब नाही. दोघांच्या मध्ये उलटी जोडणी करणारी छोटी पिन लावायची. ब्लूटूथचा मोह जुन्या यंत्रांवर टाळा. गाणी छान वाजतात, पण कॉल लागला की ब्लूटूथ वेगळ्या, हलक्या दर्जाच्या वाटेने जातं आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

"आवाज जात नाही" ही तक्रार दिवाळीनंतर वाढते, कारण तेव्हा सोयाबीनचं कुटार (भुसा) उडून गेलेलं असतं आणि कापूस वेचणीला आलेला असतो. भिंगाखाली माइकचं छिद्र पाहिलं की आत सुताचा बारीक बोळा दिसतो, घामाने नि धुळीने घट्ट झालेला. लोक त्यात टाचणी घालतात, नाहीतर सिमची पिन. माइकचा पडदा कागदाहून पातळ असतो. एकदा टोचला की गेला. हवा भरायच्या पंपाने फुंकूही नका. मऊ कोरडा ब्रश आडवा फिरवा, बोळा बाहेर येतो. काच नाहीतर कव्हर नवं बसवलं असेल तर तेही काढून बघा, वरचं छिद्र त्याखाली झाकलं जातं.

माइक गेला असं ठरवण्याआधी तीन गोष्टी करा. रेकॉर्डरमध्ये बोलून ऐका. मग इयरफोन लावून कॉल करा. मग दुसऱ्याच नंबरवर कॉल करा. रेकॉर्डिंग स्वच्छ आणि कॉल खराब असेल तर माइक ठणठणीत आहे, नेटवर्क बघा. साधा जुना कॉल ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेतो, आणि स, श, फ यांची ओळख पटवणारा वरचा भाग त्यात गळून पडतो. सर्व्हे नंबर किंवा ओटीपी सांगताना म्हणूनच पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. ४जीवरच्या कॉलमध्ये ही पट्टी ७००० हर्ट्झपर्यंत जाते, पण दोन्ही टोकांचे फोन ४जी कॉलिंगवर असायला हवेत. सेटिंगमध्ये ते बटण बंद पडलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे. घरात टॉवर नाही पण फायबर आहे, अशा घरी फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू करून बघा.

नेटवरच्या कॉलला शंभरेक केबीपीएस पुरतात, त्यामुळे त्यासाठी वेगाचा मोठा प्लॅन घेऊ नका. आवाज तुटतो तो घरात त्याच वेळी कोणी लग्नाचा व्हिडिओ चढवत असतं म्हणून. तेवढी दहा मिनिटं त्याला थांबवा.

या सगळ्यानंतरही रेकॉर्डिंग मुकं असेल, तर माइक खरंच गेला आहे. पुष्कळ फोनमध्ये तो चार्जिंगच्या खालच्या पट्टीवरच असतो, आणि पट्टी बदलली की काम होतं. जुन्या टॅबमध्ये दोन वायरींचा सुटा माइक असतो, डाग देऊन बदलायचा. दुकानात बसूनच करून घ्या, आणि मागचं झाकण लावण्याआधी घरी एक कॉल लावून बोलून बघा.