कोबी-हळद खाऊन डीएनए जपताय? मग या चुका टाळा

हळद, लसूण, ब्रोकोली यातले काही घटक डीएनएमधले बिघाड कमी करू शकतात, हे लॅबमध्ये बऱ्याचदा दिसलंय. पण आपण ते खातो कसं, घोळ तिथेच होतो.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे ब्रोकोली चिरली की लगेच गरम कढईत. त्यात सल्फोराफेन, म्हणजे डीएनएसाठी ज्याचं कौतुक होतं तो घटक, आयता नसतोच, चिरल्यावर मायरोसिनेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं तेव्हा तो बनतो, आणि हे एन्झाइम जास्त उष्णता मिळाली की गेलंच. म्हणून चिरून अर्धा-पाऊण तास तशीच ठेवा, मग शिजवा. कोबीचंही साधारण हेच. फ्रोझन ब्रोकोली मात्र पॅक करायच्या आधीच गरम पाण्यातून काढलेली असते, तिथे थांबून फारसा उपयोग नाही, शिजल्यावर वरून चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड टाका, मोहरीत हेच एन्झाइम असतं. "फोडणीत मोहरी आहेच की" असं म्हणू नका, ती तडतडली की विषय संपला! कोशिंबिरीतली फेसलेली मोहरी नाकात जाते ना, ती या एन्झाइमची करामत.

लसूणही ठेचून 10 मिनिटं ठेवा, मग तेलात.

हळद नुसत्या पाण्यात ढवळून पिणं, हे पण बंद करा. कुरक्युमिन, म्हणजे हळदीतला मुख्य घटक, पाण्यात जवळपास विरघळतच नाही आणि अंगाला लागतं फार कमी. भाजी-आमटीत तेल आणि मिरीसोबत जाते ती हळद बरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 1992 मध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना रोज दीड ग्रॅम हळद महिनाभर दिली तर लघवीतले म्युटेशन घडवणारे पदार्थ कमी झाले, पण माणसं होती फक्त 16, त्यामुळे "हळद खातो, सिगारेट चालते" हा हिशोब कृपया नको.

अशा घटकांच्या गोळ्यांचं तर विचारूच नका. फिनलंडमध्ये 29 हजारांवर स्मोकर पुरुषांवर ट्रायल झाली, ज्यांना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन (गाजरात असतं ते) गोळीतून दिलं त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला (1994). गाजर खा की, गोळी कशाला? हळदीच्या हेवी डोसच्या कॅप्सूलनेही काहींच्या लिव्हरला त्रास झालाय.

आणि एवढं सगळं करून बुरशी आलेले शेंगदाणे "भाजले की चालतात" म्हणून वापरायचे, हे तर कमालच आहे. अफ्लाटॉक्सिन, म्हणजे या बुरशीचं विष, भाजून पूर्ण जात नाही आणि लिव्हरमध्ये रूप बदलून तिथल्या पेशींच्या डीएनएला चिकटतं. काळपट, सुरकुतलेले, कडवट दाणे कूट करायच्या आधीच वेचून फेका, कूट झाल्यावर काही ओळखू येत नाही.