सर्व्हर इन्स्टॉल करताना नेटवर्क कार्ड सापडत नाही? या चुका टाळा

भाषा निवडली, कीबोर्ड निवडला आणि डेबियन या लिनक्स प्रणालीच्या इन्स्टॉलरने सांगितलं की नेटवर्क कार्ड सापडलं नाही. इथे घाईची पहिली चूक होते: कार्ड गेलं असं धरून नवं विकत आणणं. जरा थांबा. मशीनला कार्डच दिसत नसेल, कार्ड दिसूनही ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्रॅम) नसेल, किंवा ड्रायव्हर असूनही त्याचं फर्मवेअर (कार्डाच्या चिपमध्ये भरायचा कोड) नसेल. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

म्हणून आधी कार्डावरच्या चिपचा ओळख नंबर काढा. खोक्यावरच्या नावावर विसंबू नका, एकाच नावाखाली वेगळ्या चिपची कार्डं विकली जातात. इन्स्टॉलर चालू असतानाच ऑल्ट-एफ२ दाबा (ग्राफिकल असेल तर सोबत कंट्रोलही), एंटर मारा आणि ‘एलएसपीसीआय -एनएन’ (lspci -nn) ही कमांड चालवा. इथरनेटच्या ओळीत ८०८६ दिसलं तर इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रियलटेक. ती ओळच नसेल, तर बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, ऑनबोर्ड लॅन (मदरबोर्डवरचं नेटवर्क) बंद आहे का बघा. वेगळं कार्ड असेल तर मशीन बंद करून ते स्लॉटमध्ये पुन्हा नीट बसवा.

जुन्या सर्व्हरवर खरी गोम बहुतेकदा फर्मवेअरमध्ये असते. डेल पॉवरएज आर७१० घ्या. त्यात ब्रॉडकॉम ५७०९ चिपचे चार पोर्ट आहेत आणि त्यांचा बीएनएक्स२ हा ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो. पण फर्मवेअरची फाइल मिळाल्याशिवाय तो पोर्ट चालू करत नाही. ही फाइल मुक्त परवान्याखाली नाही, म्हणून २०११ च्या डेबियन ६ पासून ती अधिकृत इन्स्टॉलरमधून वगळलेली होती. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असं फर्मवेअर इन्स्टॉलरसोबतच येतं. ड्रॉवरमधल्या जुन्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करणं ही चूक म्हणूनच महागात पडते. जुनी आवृत्तीच हवी असेल, तर त्याच आवृत्तीचं फर्मवेअर पॅकेज फॅट३२ पेनड्राइव्हवर ‘फर्मवेअर’ (firmware) नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. एनटीएफएस पेनड्राइव्हच्या नादी लागू नका. कोणती फाइल कमी पडतेय ते ‘डीमेसेज’ (dmesg) ही कमांड नावानिशी सांगते.

ईएसएक्सआय, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारी व्हीएमवेअरची प्रणाली, हिची गोष्ट वेगळी. २०२० च्या ७.० आवृत्तीत लिनक्सवर बेतलेले जुने ड्रायव्हर चालणं बंद झालं. रियलटेकसाठी ६.५ च्या काळात वापरले जाणारे ड्रायव्हर नव्या इमेजमध्ये कोंबण्यात दिवस घालवू नका. सुसंगत हार्डवेअरच्या यादीतलं इंटेल कार्ड लावा, काम तासाभरात होतं.

विंडोज सर्व्हरवर आय२१९-व्हीसारख्या डेस्कटॉप चिपचा ड्रायव्हर नाकारला जातो. ड्रायव्हरची आयएनएफ फाइल (बसवण्याच्या सूचनांची फाइल) बदलून आणि ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी बंद करून तो बसवता येतो, पण रोजच्या कामाच्या सर्व्हरवर हे करू नये असं माझं ठाम मत आहे.

आणि पोर्ट चार असतील तर केबल ज्यात आहे तोच इंटरफेस निवडलाय ना, ते लिंकचा दिवा बघून ताडून घ्या.