मामाजींच्या फोनचं अपडेट आणि त्यानंतरचा अर्धा तास

आमच्याकडे बाजार बुधवारचा. त्या दिवशी केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमका तेव्हाच मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फोन झेरॉक्स मशीनवर आणून ठेवला. “पाय बरं बाई, सकाळपासून काय मांगून रायला हा.” अँड्रॉइड 16 चं अपडेट आलं होतं. गूगलनं ते 10 जून 2025 ला काढलं, पण फोनच्या कंपन्या ते आपापल्या सवडीनं पुढे पाठवतात. मामाजींपर्यंत यायला कित्येक महिने गेले. मी म्हटलं, रात्री घरी बसून करू, आता कशाला हात लावू नका.

राळेगाव तालुक्यातल्या एका गावात मी सेवा केंद्र चालवते. सातबारा, पीक विमा, ई-पीक पाहणी, आणि 2025 पासून सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवरची नोंदणी. दिवसभर दुसऱ्यांचेच फोन हातात असतात. त्यावरून सांगते, निम्मे लोक ‘नंतर’ दाबत वर्ष काढतात. उरलेले अपडेट करतात आणि फोन आता पक्का झाला असं समजतात. पण या अपडेटमध्ये आलेल्या बऱ्याच गोष्टी आपल्याला शोधून चालू कराव्या लागतात. त्या रात्री मामाजींच्या फोनवर मी काय चालू केलं आणि काय मुद्दाम सोडून दिलं, ते लिहिते.

त्याआधी 2024 च्या जानेवारीतली गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर मी एवढी मागे का लागते ते कळणार नाही. तूर नुकतीच विकली होती. गावातल्या एका ग्रुपवर पीएम किसानच्या लाभार्थी यादीची म्हणून फाइल आली, शेवटी एपीके लिहिलेली, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल. मामाजींनी ती दाबली. मग फोन आला, “काका, तुमचा हप्ता अडकलाय, मी सांगतो तसं करा.” फोननं तेव्हाही आडकाठी केली होती, हे मला नंतर कळलं. अँड्रॉइड 13 पासून बाहेरून टाकलेल्या अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी द्यायला गेलं की ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ अशी चौकट येते आणि फोन नाही म्हणतो. पण त्या माणसानं मामाजींकडून अ‍ॅपच्या माहितीचं पान उघडून घेतलं, वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबायला लावले आणि ‘अलाऊ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज’ करून घेतलं. पॅटर्नसुद्धा मामाजींनी स्वतःच काढला. “लय गोड बोले तो,” ते अजून म्हणतात. त्या परवानगीवर ते अ‍ॅप स्क्रीन वाचत होतं, ओटीपीचे मेसेज परस्पर गिळत होतं. खात्यातून 41,000 गेले. शरमेनं दोन दिवस त्यांनी घरात सांगितलंच नाही. तिसऱ्या दिवशी मी 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला तेव्हा पैसे कधीचेच पुढच्या खात्यांत पांगले होते.

आधी अपडेट उतरवून घ्या

रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर मोठं अपडेट एका दिवसात बसत नाही. मी रात्री साडेअकराला सुरू करते. आजचा उरलेला डेटा संपेपर्यंत बारा वाजतात आणि नवा लागतो. फोन चार्जरला लावा, पण आधी बॅटरी निम्म्याच्या वर असू द्या, कारण लाइनीचा भरोसा नाही. जागा नाही म्हणत असेल तर गॅलरीतले सुप्रभातचे फोटो उडवा. मामाजींच्या फोनमधून तेवढ्यानंच तीन जीबी निघाली.

झाल्यावर सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’, मग ‘अँड्रॉइड व्हर्जन’ उघडा. तिथं सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. वरच्या आकड्यापेक्षा ही तारीख बघायची सवय लावा. फोनवर 16 लिहिलेलं असून तारीख वर्षभर जुनी असेल तर मधल्या काळातली भोकं उघडीच आहेत.

जीमेल कोणाचं आहे?

हा प्रश्न विचारला की निम्मं केंद्र गप्प होतं. फोन घेताना दुकानदारानं काढून दिलं, नाहीतर पुण्याच्या भाच्यानं. पासवर्ड कोणालाच माहीत नाही. आजवर चाललं, पण अँड्रॉइड 15 पासून रिसेटनंतरचं कुलूप आणखी घट्ट केलं आहे. चोरानं फोन पुसून काढला तरी जुना पॅटर्न किंवा जुनं गूगल खातं दिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. चोरासाठी उत्तम. पण पॅटर्न विसरून तुम्हीच रिसेट मारलात तर तुम्हीही त्या चोराच्याच रांगेत. म्हणून आधी सेटिंगमध्ये ‘गूगल’ उघडून कोणतं जीमेल आहे ते बघा, पासवर्ड बदलून घ्या आणि घरातल्या डायरीत लिहा. फोनच्या कव्हरच्या आत नको. हसू नका, मी दर आठवड्याला कव्हरमध्ये घडी घातलेली एक तरी चिठ्ठी बघते, आणि तिच्यावर यूपीआयचा पिनही असतो.

बाजारातून जुना फोन घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच तो रिसेट करून सुरू करून बघा. जुनं खातं मागत असेल तर पैसे देऊ नका.

एपीकेचा रस्ता बंद करा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथं द्यावा. सेटिंगच्या शोधपट्टीत ‘अननोन’ लिहा. ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ अशी यादी येईल. व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल मॅनेजर, शेअरिंगचं कुठलं अ‍ॅप, प्रत्येकापुढे ‘नॉट अलाउड’ पाहिजे. मामाजींच्या यादीत दोन चालू होते, 2024 पासूनचेच. मी तेव्हा अ‍ॅप काढून टाकलं होतं, दार उघडंच राहिलं होतं. माझीच चूक.

मग प्ले स्टोअर उघडा, वरचा आपला गोल फोटो दाबा, ‘प्ले प्रोटेक्ट’मध्ये, म्हणजे गूगलच्या अ‍ॅप तपासणाऱ्या सोयीत, जा आणि दात्यांच्या चाकाच्या खुणेतली दोन्ही बटणं चालू ठेवा. मेसेज वाचायची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागणारं अ‍ॅप नेटवरून उतरवून टाकायला गेलं तर ते परस्पर अडवण्याची सोय गूगलनं 2024 मध्ये आधी सिंगापुरात सुरू केली आणि नंतर भारतात आणली. ती याच प्ले प्रोटेक्टच्या जोरावर चालते. म्हणूनच फसवणारा पहिली विनंती ‘ते जरा बंद करा’ अशी करतो.

आता शोधपट्टीत ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ लिहा आणि ‘डाउनलोडेड’ किंवा ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ बघा. आपल्यासारख्यांच्या फोनवर ही यादी बहुधा रिकामी असते. अनोळखी नाव चालू दिसलं तर आधी बंद करा, मग ते अ‍ॅप काढा. ‘नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस’ आणि ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ याच पद्धतीनं तपासा.

अँड्रॉइड 15 पासून ओटीपीची सूचना बाकीच्या अ‍ॅपना वाचता येऊ नये म्हणून झाकली जाते, आणि स्क्रीन शेअर चालू असेल तर समोरच्याला सूचनांमधला मजकूर दिसत नाही. यासाठी काही करावं लागत नाही. 16 मधली भर मला जास्त आवडली. फोनवर बोलणं चालू असताना प्ले प्रोटेक्ट बंद करू देत नाही, अ‍ॅक्सेसिबिलिटी देऊ देत नाही, व्हॉट्सअ‍ॅप किंवा ब्राउझरमधून पहिल्यांदाच अ‍ॅप टाकायला गेलं तर तेही अडवतो. मामाजींच्या बाबतीत 2024 मध्ये जे जे झालं ते सगळं बोलता बोलताच झालं होतं. स्क्रीन शेअर तसंच राहिलं असेल तर बोलणं संपल्यावर ते बंद करायचं का, हेही आता विचारतो.

आणि पीएम किसानच्या हप्त्याला कुठलंच अ‍ॅप लागत नाही. 2,000 चे तीन हप्ते थेट खात्यात पडतात. ई-पीक पाहणी किंवा कपास किसान हवं असेल तर प्ले स्टोअरवरून घ्या, ग्रुपवरून नाही.

चोरीची कुलपं

शोधपट्टीत ‘थेफ्ट’ लिहा. ‘थेफ्ट प्रोटेक्शन’ मिळेल. ही सोय अँड्रॉइड 10 पासूनच्या बहुतेक फोनांत आहे, म्हणजे ज्यांना मोठं अपडेट मिळालंच नाही त्यांनाही. ‘थेफ्ट डिटेक्शन लॉक’ हिसका ओळखतं. हातातून ओढून कोणी पळालं किंवा गाडीवर बसून गेलं तर स्क्रीन बंद होते. बाजारात खिशातून अलगद काढला तर त्याला काही कळणार नाही. ‘ऑफलाइन डिव्हाइस लॉक’ चोरानं नेट बंद केलं की थोड्या वेळानं कुलूप लावतं. आपल्या शिवारात नेट तसंही जातं, त्यामुळे कधी कधी उगाच लॉक होईल. पॅटर्न काढायचा, झालं. तिसरं ‘रिमोट लॉक’. त्यात आपला नंबर एकदा नोंदवून ठेवा. फोन गेला की कोणाच्याही फोनवरून अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक उघडायचं, नंबर टाकायचा, आणि तिकडे नेट चालू असेल तर कुलूप पडतं. पासवर्ड आठवायची गरज नाही. शेजाऱ्याच्या फोनवर एकदा करून बघा, घाईत सुचत नाही.

त्यानंतर पोलिसात तक्रार, त्याच नंबरचं नवीन सिम, आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टाकून फोन बंद करून घेणं. तो आकडा *#06# दाबल्यावर दिसतो, डब्यावरही असतो. डबा फेकू नका.

मी काय सोडून दिलं

16 मध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ नावाचं एकच बटण आहे. ते दाबलं की बाहेरची अ‍ॅप बंद, चोरीची कुलपं चालू, तीन दिवस फोन उघडलाच नाही तर तो आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू. वाचून मी खूश झाले आणि लावून दिलं. दुसऱ्या दिवशी मामाजी वावरातून तणतणत आले. “तठी फोनच लागून नाई रायला!” त्या बटणात 2जी नेटवर्क तोडणंही येतं. 2जी चं कुलूप फार जुनं आणि कच्चं, खोटे टॉवर उभे करून बँकेच्या नावानं मेसेज सोडणारे त्याचाच फायदा घेतात, म्हणून ते तोडणं शहाणपणाचंच. पण जिओला 2जी नाहीच, आणि मामाजींच्या दुसऱ्या कंपनीच्या सिमला नाल्यापलीकडे फक्त 2जी मिळतं. साप निघाला, मोटारीचा शॉक लागला, तर माणसाला घरी फोन करता आला पाहिजे. मी ते मोठं बटण काढलं आणि बाकीची एकेक करून चालू ठेवली. तुमच्या वावरात 4जी धड येत असेल तर मात्र हे एकच बटण दाबा, एवढी मेहनत वाचेल.

दुसरं सोडलं ते ‘आयडेंटिटी चेक’, जे काही फोनांत आहे. घराबाहेर असताना पासवर्ड बदलणं, चोरीचं कुलूप काढणं अशा कामांना ते पॅटर्न न घेता बोटच मागतं. साधं चेहऱ्याचं लॉकही चालत नाही. शहरातल्या माणसाला छान. आमच्याकडे कापूस वेचून, पऱ्हाट्या उपटून बोटांवरच्या रेषाच गेलेल्या. राशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही म्हणून बाया तीन तीन खेपा घालतात. अशा हातांना हे लावून दिलं तर मालकच बाहेर राहील. माझ्या स्वतःच्या फोनवर लावलं आहे, सासूबाईंच्या नाही.

नातवंडं फोन मागत असतील तर अँड्रॉइड 15 मधली ‘प्रायव्हेट स्पेस’ कामाची आहे. बँकेचं अ‍ॅप वेगळ्या कुलपाआड राहतं. पण ते कुलूप लागलेलं असताना त्या अ‍ॅपच्या सूचना येत नाहीत, हे लक्षात असू द्या. सगळ्या कंपन्या ही सोय देत नाहीत.

ज्यांच्या फोनला आता अपडेट येतच नाही, त्यांना मी नवा घ्या म्हणत नाही. कापसाच्या पैशात फोन बसवणं सोपं नाही. एवढंच करा, कापूस-तुरीचे पैसे येतात त्या खात्याला यूपीआय जोडू नका. दुसरं एक खातं काढा, त्यात हजार-दोन हजार ठेवा आणि तेच फोनवर वापरा.

सगळं झाल्यावर परीक्षा घेतली. पुढच्या बुधवारी केंद्रातल्या एका पोऱ्याचा नवा नंबर घेऊन मामाजींना फोन लावला आणि आवाज बदलून म्हटलं, “काका, हप्ता अडकला आहे, प्ले प्रोटेक्ट बंद करा.” पलीकडे बराच वेळ खुडबुड. मग म्हणाले, “नाई होऊन रायलं. नाई म्हणते फोन.” मी म्हटलं, पुन्हा दाबून बघा. थोडं थांबून म्हणाले, “आवाज वळखला म्या तुहा. येता येता मेथीची जुडी आनजो.”