जुना गेमबॉय हातात आला की आधी बटण दाबू नका

२०१९ चा महापूर ओसरून महिनाच झाला असेल, मिरजेत एका भंगारवाल्याकडं गेमबॉय कलर दिसला, निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा जुना व्हिडिओ गेम. वरनं एकदम चकाचक. शेजारी मित्र उभा, "चालू कर की लगा, बघूया तरी", टाकले दोन सेल, सरकवला स्विच, लाल लाइट लागला, सेकंदभर खरखर झाली आणि विषय संपला. घरी येऊन उघडला तर बोर्डावर गाळाचा पापुद्रा, आत अजून ओल. न उघडता करंट दिला की असं होतं, आणि आपल्याकडं पुरात भिजलेला माल बाहेरनं धुवून विकायला येतो हे तर माहितीच आहे.

म्हणून आधी उघडा, मग चालू करा. कलर आणि त्याच्या नंतर आलेल्या गेमबॉय अ‍ॅडव्हान्सला तीन पात्यांचा स्क्रू असतो, साधा ड्रायव्हर घातला की डोकं गुळगुळीत होतं मग बसा रडत. जुन्या गेमबॉय आणि कलरच्या कॅसेटचा स्क्रू अजून वेगळा, त्याला ३.८ मिमीचा गेमबिट नावाचा खास ड्रायव्हर लागतो, अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटला मात्र तीन पात्यांचाच. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी पावडर दिसली तर ती सेल फुटून आलेली अल्कली असते, कॉटन बडला थोडं व्हिनेगर लावून पुसा, नंतर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. आयपीए मोबाइल रिपेअरवाल्याकडं मिळतं.

कॅसेटमध्ये फुंकर मारणं बंद करा. हो, लहानपणी आपण सगळ्यांनी मारलीय आणि गेम चालू पण व्हायचा, पण तो फुंकरीनं नाही, कॅसेट काढून परत बसवल्यामुळं पिना नीट टेकायच्या म्हणून. फुंकरीनं फक्त थुंकीची ओल आत जाते आणि पिना गंजतात.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सेव्हच्या, म्हणजे खेळ कुठवर आला ते साठवून ठेवणाऱ्या, बॅटरीचा. पोकेमॉन रेड, ब्लू, गोल्ड, सिल्व्हर या गेमच्या कॅसेटमध्ये सेव्ह बॅटरीवर टिकतो, आत बटणासारखा छोटा सेल असतो, तो मेला की तुमचा सगळा खेळ गेला. गोल्ड-सिल्व्हरमध्ये घड्याळ पण त्याच सेलवर चालतं म्हणून तो लवकर संपतो. सेल बदलायला काढला तरी सेव्ह जातोच, त्यामुळं आधी कार्ट्रिज रीडरनं, म्हणजे कॅसेटमधला डेटा कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या यंत्रानं, कॉपी काढून ठेवा. उलट अ‍ॅडव्हान्सवरच्या पोकेमॉन रुबी, सफायर, एमराल्डमध्ये बॅटरी संपल्याचा मेसेज आला की लोक घाबरून कॅसेट कवडीमोलानं विकून टाकतात, आणि मी अशा दोन घेतल्यात हे कबूल करतो. तिथं बॅटरी फक्त घड्याळाला आहे, सेव्ह फ्लॅश मेमरीत सुरक्षित असतो. नवीन सेल टाकताना चिकटपट्टीनं दाबून बसवू नका, पट्ट्या लावलेला सेल मिळतो तो सोल्डर करा.

डुप्लिकेट ओळखायला अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटचं लेबल तिरक्या उजेडात धरा, खऱ्यावर दोन अंकी नंबर दाबून उठवलेला असतो. एवढ्यावर भागत नाही, उघडून बोर्डावर निन्टेन्डो लिहिलंय का ते पण बघा.

अ‍ॅडॉप्टर तर अर्ध्या मशीनींचा खून करतो. निन्टेन्डोचा टीव्हीला जोडायचा जपानी फॅमिकॉम १० व्होल्टवर चालतो आणि त्याच्या पिनेच्या मधोमध निगेटिव्ह असतं, आज घरात पडलेल्या बहुतेक अ‍ॅडॉप्टरला मध्ये पॉझिटिव्ह. पिन बसली म्हणजे जमलं असं नाही! आणि जपानहून आलेला मूळ अ‍ॅडॉप्टर १०० व्होल्टचा, तो आपल्या २३० च्या सॉकेटात घातला की वास येतो, पुढचं सांगायला नको.

पीएसपीचं (सोनीचा हातातला गेम) मागचं झाकण वर आलेलं दिसलं तर बॅटरी फुगलीय, ती दाबू नका, टोचू नका, चार्ज तर अजिबात नको.

डक हंट या निन्टेन्डोच्या बदकं मारायच्या गेमची बंदूक एलसीडी टीव्हीवर नेम धरत नाही म्हणून ती बिघडली असं समजू नका, तिला जुना डब्बा टीव्हीच लागतो.

आणि हो, खेळताना भडंग खाऊ नका. माझ्या एका अ‍ॅडव्हान्सच्या बटणाखालचं रबर तेलानं असं माखलेलं की डावीकडं दाबलं की मारिओ वाट बघत उभा. साबणाच्या पाण्यात धुवून, रात्रभर वाळवून परत बसवलं, आता चालतंय, पण त्याला हळदीचा रंग कायमचा लागलाय.